खड्ड्यातली चाचणी 'जा' म्हणत नाही: गुलमर्गच्या हद्दीबाहेर स्कीइंग करताना हिमस्खलनाचा धोका कसा जोखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचा पाच जणांचा गट फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गला निघालाय. तयार केलेल्या पट्ट्यांवर पाचही जणांना चांगलं स्कीइंग येतं. यंदा गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, वरच्या टप्प्यावरून हद्दीबाहेर (तपासून ठेवलेल्या भागाच्या बाहेर) उतरायचं आणि एक-दोन दिवस स्कीला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी पट्टी, लावून चढायचं असा बेत आहे. बर्फात खड्डा खणून केलेल्या चाचणीत काही तुटलं नाही, तर त्या उतारावर जायला हरकत नाही ना? आणि स्थानिक गाइड बरोबर असेल, तर हे सगळं आपल्याला कळायलाच हवं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, कळायलाच हवं. गाइडच गाडला गेला तर त्याला शोधून काढणारे तुम्हीच पाच जण असता, बाहेरून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. शिवाय पैसे दिलेल्या गटाने 'आज तो वरचा उतार हवाच' असा हट्ट धरला की चांगल्या गाइडचंही मन डळमळू शकतं. धोका ओळखणारा गट असा हट्ट धरत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. खड्ड्यातल्या चाचणीकडून 'जाऊ नका' एवढंच उत्तर घ्यायचं, 'जा' हे उत्तर तिच्याकडून कधीही घ्यायचं नाही. कारण तुम्ही तपासता जेमतेम पाव चौरस मीटर आणि उतार असतो हजारो चौरस मीटरचा. वाऱ्यामुळे त्याच उतारावर दहा पावलांवर थराची जाडी दुप्पट असू शकते. बर्फाच्या आत काय आहे याबद्दलची आपली माहिती कायम अर्धवट असते. उताराचा कोन मात्र नेमका मोजता येतो आणि तो रातोरात बदलत नाही. म्हणून निर्णय कोनावर उभा करायचा. बर्फाबद्दल जे कळेल त्याने तो आणखी कडक करायचा, सैल कधीच करायचा नाही.

असं का, हे समजण्यासाठी हिमस्खलन कसं होतं ते पाहू. स्कीपटूंचा जीव घेतात ती बहुतेक स्लॅब प्रकारची असतात. त्यात वर एकमेकांना धरून असलेला घट्ट थर असतो, त्याखाली कमकुवत थर आणि त्याखाली घसरायला पृष्ठभाग. स्कीचा भार वरच्या थरातून कमकुवत थरापर्यंत पोचला की तिथले कण कोसळतात, तडा त्या थरातून क्षणात दूरवर धावतो आणि अख्खा तुकडा सुटतो. ५० मीटर रुंद, ८० मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड तुकडा धरला, तर तो २,००० घनमीटर होतो. घनमीटरला २०० किलो धरले तरी ४०० टन. आणि हा काही मोठा तुकडा नव्हे. तडा धावत असल्यामुळे तुम्ही खालच्या सपाटीवर उभं राहूनसुद्धा वरचा उतार सोडवू शकता. स्कीपटू सापडतात अशा स्लॅब हिमस्खलनांपैकी सुमारे दहात नऊ वेळा ती त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणी सुरू केलेली असतात. म्हणजे बहुतेक वेळा कोणत्या उतारावर पाय ठेवायचा हे आपल्याच हातात असतं.

आता कोन. स्लॅब सुटतो तो मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही सर्वाधिक ३५ ते ४० च्या दरम्यान. दुर्दैवाने स्कीइंगला सगळ्यात मजा येते तोही हाच पट्टा. नजरेच्या अंदाजावर अजिबात विसंबू नका. सह्याद्रीत घळी-नाळा चढणाऱ्यांना ३२ अंशांचा पांढरा उतार किरकोळ वाटतो, कारण ते कड्यांशी तुलना करतात. मोबाइलमधलं कोनमापक काठीवर टेकवून मोजता येतं, होकायंत्रातलं क्लिनोमीटर असेल तर उत्तम.

बॅटरी थंडीने मेली तर दोन सारख्या लांबीच्या स्की-काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून तिचा ठसा घ्या. ठशाच्या वरच्या टोकाला तिचं टोक तसंच ठेवून मूठ हवेत उचला आणि मुठीपासून दुसरी काठी सरळ खाली लोंबू द्या. तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत पहिली काठी खाली-वर करा. टोक बरोबर ठशाच्या खालच्या टोकाशी टेकलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्याही खाली टेकलं तर जास्त तीव्र: १२० सेंटीमीटरच्या काठीला दर १० सेंटीमीटरला साधारण ३ अंश वाढवा. हे मोजमाप नेहमी अलीकडच्या सुरक्षित जागी, तशाच दिसणाऱ्या छोट्या तुकड्यावर करायचं. संशयित उताराच्या मधोमध जाऊन कोन मोजण्यात अर्थ नाही.

हॉटेलवर बसून नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ४० मीटरच्या उंचीरेषा असलेल्या १:५०,००० नकाशावर ३० अंशांच्या उताराला दोन रेषांत सुमारे १.४ मिलिमीटर अंतर असतं. त्याहून जवळ रेषा दिसल्या की उतार धोक्याच्या पट्ट्यात आला. पण दोन रेषांच्या मध्ये लपलेला १५ मीटरचा ४० अंशी टप्पा नकाशा दाखवत नाही. ॲपमधले रंगीत उतार-नकाशेही आपल्या हिमालयासाठी बहुधा ३० मीटरच्या चौकटींवर बेतलेले असतात, त्यामुळे छोटे तीव्र टप्पे त्यांत बोथट होतात. नकाशावर २८ अंश दिसलं तर जागेवर ३२ निघू शकतं, हे गृहीत धरूनच मार्ग आखा. उताराचा कोन म्हणजे सरासरी नव्हे, त्यातल्या सर्वांत तीव्र भागाचा कोन.

तुम्ही उभे आहात तिथला कोन जितका महत्त्वाचा तितकाच डोक्यावरचा. पायथ्याशी किंवा सपाटीवर चालताना वरच्या उताराच्या माथ्याकडे कोनमापक रोखा. माथा क्षितिजापासून साधारण २० अंशांहून वर दिसत असेल, तर मोठं हिमस्खलन तुमच्यापर्यंत पोचू शकतं असं समजा. १८ च्या खाली गेलात की बहुतेक वेळा बाहेर आलात. फोटोसाठी, चहासाठी, स्किन काढण्यासाठी थांबण्याच्या जागा याच हिशेबाने निवडायच्या. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन कोसळून १७ जवान गेले. खिलनमर्ग हे गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या पायथ्याचं मोकळं कुरण आहे आणि नवख्याला तिथे धोका जाणवतही नाही.

उताराखाली काय आहे हेही बघा. अरुंद घळीच्या तळाशी छोटंसं हिमस्खलनही तुम्हाला दोन-तीन मीटर खोल गाडतं. खाली झाडं असतील तर आपटून मृत्यू येतो, कडा असेल तर पडून. हद्दीबाहेरच्या वाटा खाली जंगलात शिरतात तिथे नाले आहेत आणि थकल्यावर सगळ्यांचे पाय सोप्या वाटेने नाल्यातच वळतात. झाडांचा आधार मानायचा तर ती दाट हवीत. ज्या झाडीतून तुम्ही आरामात वळणं घेत उतरू शकता, त्या झाडीतून हिमस्खलनही उतरतं. एका बाजूच्या फांद्या मोडलेली, डोंगराकडची साल खरवडलेली झाडं दिसली, तर ती त्याची नेहमीची वाट आहे.

गुलमर्गची स्वतःची काही वैशिष्ट्यं आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरला सोडतो. गोंडोलाच्या आसपासचा उतार स्की पेट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, तपासतं आणि गरजेनुसार स्फोट करून सैल बर्फ पाडून टाकतं. हद्दीच्या दोरीपलीकडे यातलं काही होत नाही. दोरी ओलांडायला पाच सेकंद लागतात, पण पलीकडचा बर्फ पूर्णपणे वेगळा असतो. इथे बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांबरोबर. विक्षोभ येताना वारे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून वाहतात आणि धारेपलीकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येच्या उतारांवर बर्फ आणून टाकतात. स्कीइंगचे बहुतेक उतार नेमके त्याच बाजूला आहेत. गुलमर्ग गावात ३० सेंटीमीटर पडला म्हणून वरही तेवढाच असेल असं समजू नका. धारेखाली वाऱ्याआड त्याच्या तिप्पट साठलेला असू शकतो. ताशी २५ किलोमीटरच्या वर वारा गेला की भुसभुशीत बर्फ हलायला लागतो. आकाश निरभ्र असूनही धारेवरून पांढरा धूर उडताना दिसला, तर उतार त्या क्षणीही भरतो आहे. असा वाऱ्याने भरलेला बर्फ गुळगुळीत, फुगीर आणि मॅट दिसतो, पायाखाली पोकळ वाजतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, कोरडे आणि थंड गेले, तर जमिनीवरचा पातळ बर्फ आतून बिघडतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागावर उणे पंधरा. थर पातळ असेल तर दर १० सेंटीमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडतो. वाफ खालून वर सरकते आणि कण एकमेकांना न धरणाऱ्या, जाड साखरेसारख्या दाण्यांत बदलतात. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांमधून गळतात. फेब्रुवारीत मोठा विक्षोभ येऊन त्यावर मीटरभर बर्फ टाकला, की घट्ट थर वर आणि दाणे खाली. २०२४ मध्ये क्रम असाच होता: जानेवारीत गुलमर्ग जवळपास उघडं पडलं होतं, फेब्रुवारीत जोरदार बर्फ झाला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग भागात हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू मरण पावला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटच्या हापतखुड भागात दोघे गेले. म्हणून तुमची तयारी जाण्याच्या दिवशी सुरू होत नाही. डिसेंबरपासून दर आठवड्याला गुलमर्गचा बर्फ, तापमान आणि वारा एका वहीत टिपत जा. किती दिवस कोरडे गेले आणि त्यावर किती बर्फ आला, हे पुण्यात बसून कळतं, आणि तिथे पोचल्यावर खणलेल्या दहा खड्ड्यांपेक्षा ते जास्त सांगतं.

नव्या बर्फाचा एक जुना, उपयोगी अंदाज आहे. परिस्थिती वाईट असेल, म्हणजे जोराचा वारा, कडाक्याची थंडी, खाली कडक कवच किंवा दाणेदार थर, तर १० ते २० सेंटीमीटर नवा बर्फही धोका मोठा करायला पुरतो. मध्यम परिस्थितीत २० ते ३०, आणि वारा नसेल, थंडी सौम्य असेल तर ३० ते ५०. तासाला दोन-तीन सेंटीमीटरच्या वेगाने पडत असेल तर वरचा थर सावरायला वेळच मिळत नाही. शेवटचा बर्फ थांबल्यावर पहिले २४ ते ४८ तास सर्वांत घातक. दुसरा टप्पा बंद असतो, मग आकाश उघडतं, गोंडोला सुरू होतो, सगळे एकाच वेळी वर धावतात, आणि नेमक्या त्याच वेळी थर सर्वांत अस्थिर असतो. पण '४८ तास झाले, आता चालेल' हा नियम जमिनीलगतच्या दाण्यांना लागू नाही. ते आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. असं वर्ष असेल तर ३० अंशांच्या वर चढणं त्या सहलीपुरतं विसरा. हा सल्ला कठोर वाटेल, पण खोल कमकुवत थराचा अंदाज निष्णात गाइडांनाही नीट बांधता येत नाही.

बुलेटिन कसं वाचायचं? संरक्षण संशोधन विकास संस्थेची डीजीआरई, पूर्वीची सासे, जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे देते आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ते जिल्हावार प्रसृत करतं: अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर पुढच्या २४ तासांत धोका. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नसतो. त्यामुळे त्याला आधार माना आणि स्की पेट्रोलकडे सकाळी जाऊन विचारा: काल कुठे काय सुटलं, आज स्फोटांना बर्फाने कसा प्रतिसाद दिला, कोणत्या दिशेचे उतार भरलेत. धोक्याच्या पातळीच्या नावापेक्षा तिच्याखालचं वर्णन वाचा.

धोक्याच्या पाच पातळ्यांची (पाचवी सर्वांत मोठ्या धोक्याची) आंतरराष्ट्रीय पद्धत धरली तर पातळी आणि कोन यांची सांगड अशी घालतात: दुसऱ्या पातळीला ४० अंशांच्या आत, तिसऱ्याला ३५ च्या आत, चौथ्याला ३० च्या आत, पाचवीला बाहेर पडायचंच नाही. ही मर्यादा अनुभवी गटांसाठी आहे. तुमच्या गटाने प्रत्येक ठिकाणी ५ अंश कमी धरावेत, म्हणजे तिसऱ्या पातळीला ३० आणि चौथ्याला हद्दीच्या आतच. तिसरी पातळी सगळ्यात फसवी असते. चौथीला लोक आपणहून घाबरतात. तिसरीला सूर्य असतो, बर्फ सुंदर असतो, मोठी हिमस्खलनं आपोआप होताना दिसत नाहीत, पण एका स्कीपटूचा भार मात्र पुरेसा असतो. युरोपातल्या मृत्यूंचा सर्वांत मोठा वाटा याच पातळीचा आहे.

वर गेल्यावर डोळे-कान काय टिपतात ते कोणत्याही चाचणीपेक्षा मोलाचं. चार खुणा अशा आहेत की त्यांतली एक दिसली तरी ३० अंशांच्या वरचा बेत तिथेच रद्द करायचा. त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या उतारावर गेल्या दोन दिवसांतलं हिमस्खलन. चालताना पायाखालचा बर्फ 'धप्' आवाज करत बसणं. तो आवाज म्हणजे कमकुवत थर कोसळला, फक्त घसरायला उतार मिळाला नाही. स्कीच्या टोकापासून पुढे पळणारे तडे. आणि तापमान झपाट्याने वाढणं किंवा बर्फावर पाऊस. या खुणा दिसल्यावर खड्डा खणायची गरजच उरत नाही, उत्तर मिळालेलं असतं.

खुणा नसतील तेव्हा खड्डा. तो अशा छोट्या, सुरक्षित उतारावर खणा ज्याची दिशा आणि उंची तुमच्या बेतातल्या उतारासारखी आहे, आणि जिथे लोकांच्या पायांनी बर्फ दाबलेला नाही. दीड मीटरपर्यंत खोल, समोरची भिंत फावड्याने सरळ कापलेली. बोटं फिरवून थर ओळखा. कडकपणा हाताने मोजतात: मूठ शिरते, चार बोटं शिरतात, एक बोट, पेन्सिल, सुरी. कडक थराखाली अचानक मूठ शिरली तर तीच संशयाची जागा. मग विस्तारित स्तंभाची चाचणी: भिंतीत ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा स्तंभ मोकळा करा, मागचा काप गाठी मारलेल्या दोरीने. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून १० थापा मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. तडा कितव्या थापेला आला हे नोंदवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो त्याच किंवा पुढच्याच थापेला स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला का. गेला, तर थर तडा पुढे नेतो आहे, आणि तो २५ व्या थापेला गेला म्हणून खूश व्हायचं नाही. काहीच तुटलं नाही तर एवढंच कळलं की या जागी नाही तुटलं. मीटरभराहून खोल थरांपर्यंत थापांचा जोर पोचत नाही, तेव्हा तिथे ही चाचणी गप्प असते. पण गुलमर्गमध्ये वाऱ्याने बर्फ पातळ केलेल्या एखाद्या खडकाजवळून जाताना तुमचा भार त्याच थरापर्यंत पोचू शकतो.

उन्हाबद्दल युरोपात शिकलेले आडाखे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. गुलमर्ग ३४ अंश अक्षांशावर आहे. २० फेब्रुवारीला माध्यान्हीचा सूर्य तिथे सुमारे ४५ अंश वर असतो, त्याच दिवशी आल्प्समध्ये ३२-३३. म्हणजे दक्षिणेच्या ४० अंशी उतारावर ऊन जवळपास काटकोनात पडतं, आणि आल्प्समध्ये मार्चच्या उत्तरार्धात दिसणारी ऊब इथे फेब्रुवारीतच येते. घड्याळाचीही गंमत लक्षात घ्या: भारतीय प्रमाणवेळेत गुलमर्गची माध्यान्ह त्या दिवसांत पावणेएकच्या आसपास होते. पूर्वेचे उतार साडेदहा-अकरापर्यंत आणि दक्षिणेचे बारापर्यंत सोडायचे असा वेळेचा बांध घाला. गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले, खडकांखालून बर्फाचे छोटे पंखे सुटले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, की वेळ संपली. रात्री ढग असतील तर तापमान उणे असूनही पृष्ठभाग नीट गोठत नाही; अशा सकाळी सुरुवातच एक तास उशिरा झाल्यासारखी समजा. धारेच्या कडेवर पुढे झुकलेल्या बर्फाच्या छज्ज्यांखाली ऊन चढल्यावर थांबू नका, आणि त्यांच्यावर तर कधीच जाऊ नका. ते अपेक्षेपेक्षा बरेच मागून तुटतात.

चढताना संशयाच्या उतारावर दोघांत किमान १० मीटर अंतर. उतरताना एका वेळी एकच, बाकीचे सुरक्षित बेटावर, आणि त्यांचे डोळे उतरणाऱ्यावर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले. दुसऱ्याचे ट्रॅक दिसले म्हणून उतार तपासला गेला असं मानू नका. पाचवा-सहावा माणूस पातळ जागेवरून गेला आणि उतार सुटला, असं पुष्कळदा घडतं.

गटाच्या बाबतीत मला सर्वांत मोठी काळजी वाटते ती रजेची. वर्षभर वाट पाहून मिळालेले सात दिवस, विमानाचं तिकीट, त्यात चार दिवस गोंडोला बंद. पाचव्या दिवशी कुणाला 'नको' म्हणवत नाही. यावर उपाय आदल्या संध्याकाळीच करायचा. दररोज तीन बेत कागदावर लिहा: एक हद्दीच्या आतला किंवा २५ अंशांच्या खालचा जंगलातला, एक मधला आणि एक मनातला. प्रत्येकासमोर तो कोणत्या अटींवर करायचा ते लिहा. सकाळी फक्त अटी पूर्ण होतात का ते तपासा, वर गेल्यावर नव्याने वाद नको. आणि पाचांपैकी कुणीही एकाने 'मला बरं वाटत नाही' म्हटलं तर कारण न विचारता मागे फिरायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवून टाका. गटात सर्वांत चांगला स्कीपटू असेल त्याचं बर्फाबद्दलचं मत सर्वांत बरोबर असेलच असं नाही, आणि सर्वांत नवख्यालाच कधी कधी ती 'धप्' ऐकू आलेली असते.

जे ट्रेकर फक्त पायी जातात त्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे, आणि केवळ हिवाळ्यातच नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर द्रौपदी का दांडा–२ वर हिमस्खलन झालं, त्यात बेपत्ता दोघांसह २९ जण गेले. पावसाळ्याच्या शेवटी ५,००० मीटरच्या वर पडणारा ताजा बर्फही स्लॅब बनवतो.

साहित्य: प्रत्येकाकडे बीकन (रेडिओ संदेश सोडणारं आणि दुसऱ्याचा पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब, घडीची काठी) आणि धातूचं फावडं. पाच जणांत तीन संच म्हणजे काहीच नाही, कारण ज्याच्याकडे बीकन नाही तो सापडत नाही आणि ज्याच्याकडे फावडं नाही तो खणू शकत नाही. बीकन तीन अँटेनांचा डिजिटल, ४५७ किलोहर्ट्झचा हवा. भाड्याने घेणार असाल तर जुना एक अँटेनाचा नाकारा, बॅटरीचे कप्पे गंजलेले नाहीत ना ते बघा आणि निर्मात्याने सांगितलेल्याच, बहुधा नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. अंगावर, जॅकेटच्या आत बांधायचा. मोबाइल, कॅमेरा, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे प्रक्षेपण करताना त्याच्यापासून २० सेंटीमीटर दूर, शोधताना ५० सेंटीमीटर. प्रोब २४० सेंटीमीटर किंवा जास्त. हवेची पिशवी असलेली बॅकपॅक उपयोगी आहे: मोठ्या हिमस्खलनात सापडलेल्यांच्या एका अभ्यासात मृत्यूचं प्रमाण तिच्यामुळे २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. गॅसची टाकी विमानात न्यायची तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्या. पण पैसे मर्यादित असतील तर आधी बीकन, प्रोब, फावडं आणि सराव.

सराव का, तर घड्याळामुळे. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले दहातले सुमारे नऊ वाचतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येतं. क्रम पाठ हवा. शेवटचं दिसलं ते ठिकाण डोळ्यांत धरून ठेवा. वरून आणखी सुटण्याचा धोका पाहा. सगळे बीकन शोधण्याच्या स्थितीत न्या. एकाचाही प्रक्षेपण करत राहिला तर शोध भरकटतो. पृष्ठभागावर हातमोजा, काठी काही दिसतं का बघत ४० मीटरच्या पट्ट्यांनी खाली सरका. बीकनवरचा अंतराचा आकडा ३ च्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून, वेग अगदी कमी करून, न फिरवता आडवा-उभा शोध. सर्वांत लहान आकड्यापासून २५ सेंटीमीटरच्या अंतराने वर्तुळाकार प्रोब, पृष्ठभागाला काटकोनात. लागला की प्रोब काढायचा नाही. खणणं प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतर मागे जाऊन, बाकीच्यांनी त्रिकोणी रांगेत बर्फ मागे ढकलत. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो: एक मीटर खोल माणसापर्यंत पोचायला एक ते दीड टन घट्ट बर्फ हलवावा लागतो. आधी चेहरा आणि छाती मोकळी. श्वास नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग छाती दाबणं.

बीकनचा शोध पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर शिकता येतो: एकाने बीकन पिशवीत घालून गवतात लपवायचा, दुसऱ्याने शोधायचा, वेळ लावायची. पाचही जणांचा वेळ चार मिनिटांच्या आत येईपर्यंत दर रविवारी करा. खणण्याचा सराव गुलमर्गला पोचल्यावर पहिल्याच दिवशी, सुरक्षित जागी, भरलेली बॅकपॅक मीटरभर गाडून. रोज सकाळी गोंडोलाच्या आधी प्रत्येकाचा बीकन आळीपाळीने तपासायचा, प्रक्षेपणही आणि शोधही.

संपर्काच्या दोन गोष्टी. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, तेव्हा किमान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. आणि परदेशी गटांच्या हातात दिसतात तसली उपग्रह-संदेश यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, त्यामुळे ती मागवू नका. त्याऐवजी स्की पेट्रोलचा नंबर, तुमचा त्या दिवसाचा मार्ग आणि परतीची वेळ लिहिलेला कागद हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, आणि ठरलेल्या वेळेनंतर एका तासाने कुणी फोन करायचा हे तिथल्या माणसाशी पक्कं करूनच निघा.